चुन्याचा ड्रम, फुलोरा आणि पुतण्याचे खोके

कोजागिरी आटोपली की आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या परसात लोखंडी ड्रम बाहेर निघतो. त्यात कळीचा चुना भिजत घालायचा असतो. चुन्याचे खडे पाण्यात टाकल्यावर पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग एक खडा तडकतो, त्याच्या पाठोपाठ दुसरा, आणि बघता बघता कोणीही चूल पेटवलेली नसताना ड्रमातले पाणी खदखदू लागते. ड्रमाच्या कडेला हात लावता येत नाही, वाफेने डोळे चुरचुरतात, आणि घरातल्या लहान मुलांना त्या तासाभरासाठी ओसरीच्या पलीकडे फिरकू दिले जात नाही. यंदा हा सोहळा चालू असताना पुण्याहून आलेला माझा पुतण्या हातात एक मोठे पुठ्ठ्याचे खोके घेऊन उभा होता. त्याने दिवाळीची सगळी सजावट ऑनलाइन मागवली होती: चिकटवायची रांगोळी, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, दिव्यांच्या पट्ट्या आणि त्या लटकवण्यासाठी पाठीला गोंद असलेले हूक. त्याने विचारले, "काकू, रंगकाम नंतर करा ना. आधी सजावट करून घेऊ."

त्या वेळी मी त्याला काही बोलले नाही, कारण एका हाताने चुना ढवळत असताना वाद घालू नये. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. माझे उत्तर थोडे लांब आहे, म्हणून ते इथे लिहिते आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मलाही सजावट आणि डागडुजी ही दोन वेगळी कामे वाटत असत. माझे माहेर अमरावतीला सरकारी क्वार्टरमध्ये होते. तिथे भिंतींचा रंग सरकार ठरवत असे आणि सजावट म्हणजे दारावरचे तोरण एवढाच अर्थ होता. हे घर मातीच्या विटांचे आहे. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, खांब सागवानी, मागच्या भागावर अजूनही कवेलू, म्हणजे कौले. अशा घराचा प्रत्येक सण कुठल्या ना कुठल्या दुरुस्तीला बांधलेला असतो, हे समजायला मला पाच-सहा वर्षे लागली. मृगाच्या आधी कवेलू फेरून घ्यायचे, पोळ्याच्या सुमारास पडवीची जमीन सारवायची, दिवाळीआधी चुना लावायचा आणि खाली गेरूचा पट्टा ओढायचा. गेरूचा तो पट्टा दिसायला सुंदर असतोच, पण पावसाचे उडालेले शिंतोडे आणि पायांचे डाग त्याच्याआड लपतात, आणि दर वर्षी भिंतीचा पाया कुठे खचतो आहे ते पाहण्यासाठी कोणाला तरी गुडघ्यावर बसून संपूर्ण घराभोवती फिरावे लागते. भिंत ओली कुठे आहे, उंदराने कुठे पोखरले आहे, कुठल्या खांबाच्या तळाशी वाळवीची माती दिसते आहे, हे सारे मला गेरू ओढतानाच कळत आले आहे.

या घराने आम्हाला हा धडा एकदा महागात शिकवलेला आहे. साधारण दहा वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, तोंडावर दिवाणखान्याला ऑईल पेंट द्यायचे ठरले. रंगाऱ्याने छातीठोकपणे सांगितले की आता पाच वर्षे भिंतीकडे पाहायला नको. पाहुण्यांनी कौतुक केले, फोटो छान आले, आणि चुन्याचा ड्रम आम्ही भंगारात देण्याच्या बेतात होतो. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर हाताच्या पंजाएवढे फुगे आले. एक फुगा मी नखाने टोकरला तर रंगाची पापडी मातीच्या गिलाव्यासकट हातात आली आणि आतली माती चमच्याने उकरावी इतकी ओली निघाली. सासूबाई त्या वेळी होत्या. बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसल्या बसल्या त्यांनी एवढेच म्हटले, "अगं, भिंतीला रेनकोट घातला ना तुम्ही."

कारण साधे आहे. अशा जुन्या भिंतींना खाली ओल अडवणारा सिमेंटचा थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी भिंतीत थोडे थोडे वर चढतच असते. चुना लावलेली भिंत ते पाणी वाफेच्या रूपाने बाहेर जाऊ देते; तेलाच्या रंगाचा पापुद्रा ते आत कोंडतो. शिवाय ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, आणि तो लावताना इतका तिखट असतो की त्यावर बुरशी सहजी धरत नाही. पावसाळ्याचे चार महिने ओल खाल्लेल्या भिंतीला आश्विनातल्या कोरड्या हवेत चुना लावायचा, यात शोभेइतकाच हिशेबही होता. ती भिंत आम्ही पूर्ण खरवडली, माती आणि कुटार, म्हणजे भुसा, कालवून नव्याने लिंपली, एक उन्हाळाभर तशीच ठेवली आणि मग वाखाच्या कुंचाने चुन्याचे तीन हात दिले. चुन्यात चिमूटभर नीळ अजूनही टाकतो, नाहीतर पांढरा रंग पिवळट वाटतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की जुन्या घरात सजावट वरून चढवायची नसते. घराला त्या ऋतूत जे हवे असते ते नीट, देखणे करून देणे हीच त्याची सजावट असते. एकदा असे पाहू लागले की कोणत्या सणाला कोणती वस्तू का, याचा उलगडा होऊ लागतो. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा घरी येतात तेव्हा नागपुरात हवा इतकी दमट असते की कागद दोन दिवसांत मलूल होतो आणि खळीला बुरशी येते. म्हणून महालक्ष्म्यांचा मांडव कापडाचा, केळीच्या खांबांचा, कापसाच्या वस्त्रमाळांचा आणि तळलेल्या फुलोऱ्याचा असतो. कागद यायचा तो दिवाळीच्या कंदिलाला, हवा कोरडी झाल्यावर, आणि मग संक्रांतीच्या पतंगांना. होळी-पाडव्याला साखरेच्या गाठ्या. आणि कूलर घरोघर येण्याआधी उन्हाळ्याची सजावट म्हणजे दारा-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पाणी मारलेल्या ताटीचा वास ज्याने घेतला आहे त्याला मी याहून अधिक काही सांगायला नको.

फुलोऱ्याबद्दल मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण नव्या सुनांना तो फोटोतच माहीत असतो. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला करंज्या, पापड्या, साटोऱ्या, कणकेची वेणी, फणी, आरसा आणि कुंकवाचा करंडा असे तळलेले दागिने दोऱ्याने बांधतात. वेणी वळणे सोपे आहे, फणी अवघड. फणीचे दाते चाकूने कापले की तेलात पडताच एकमेकांना चिकटतात. सासूबाई दात्यांच्या मध्ये तांदळाच्या पिठाचे बोट फिरवत आणि फणी झाऱ्यावर आडवी धरून आधी फक्त दात्यांची टोके तेलात बुडवत. टोके ताठ झाली की मग सगळी फणी सोडायची. प्रत्येक जिन्नस तळण्याआधी त्याला भोक पाडायचे, हे विसरले तर नंतर सुईने भोक पाडताना निम्मे दागिने फुटतात; पहिल्या वर्षी माझे फुटले होते आणि जाऊबाईंनी ते निमूटपणे चहाबरोबर संपवले. ही चौकट टांगण्यासाठी आमच्या मधल्या खोलीच्या तुळईला लोखंडी कड्या आहेत. घर बांधणाऱ्याने त्या बांधतानाच बसवलेल्या आहेत. बंगईच्या कड्या निराळ्या, पाळण्याची निराळी, फुलोऱ्याच्या चार निराळ्या. शंभर वर्षांच्या सागाला एकही नवा खिळा ठोकण्याची गरज पडू नये एवढी व्यवस्था त्याने करून ठेवली आहे, आणि तरीही मागे एका डेकोरेटरने आमच्या नकळत ओसरीच्या खांबाला ड्रिलने तीन भोके पाडली. ती भोके मी मेणाने बुजवली आहेत, पण दिसतात.

आता कोणी म्हणेल की बाई जुन्याचे गोडवे गाते आहे. तसे नाही, आणि त्याचे कारणही सांगते. हे सगळे काम बायकांच्या पाठीवर होत आले आहे. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची वाताहत शेणाने सारवण्यात आणि ठिपक्यांच्या रांगोळ्यांत झाली, हे मी स्वतः पाहिले आहे. महालक्ष्म्यांचे सोळा भाज्यांचे जेवण, पुरणपोळ्या, आंबील आणि फुलोरा एका घरात तीन बायकांनी करायचा आणि बाकीच्यांनी मांडवाचे कौतुक करायचे, या वाटणीत मला काहीही पवित्र वाटत नाही. त्यामुळे सासूबाईंच्या मागे आम्ही बरेच सोडून दिले. पडवीला आता शहाबादी फरशी आहे, सारवण बंद झाले. सोळा भाज्या एका कढईत होतात. कापसाची वस्त्रे मात्र मी करते, कारण ते काम बसून, गप्पा मारत होते: सरकी काढलेला कापूस हलकेच ओढायचा, ओल्या बोटांनी वळत न्यायचा आणि ठरावीक अंतरावर कुंकवाच्या पाण्याचे बोट लावून तिथे चिमटायचा. कापसाच्या मुलखात राहून ही माळ पाकिटातून विकत आणावी, हे मला पटत नाही. पण हा माझा हट्ट आहे, नियम नाही.

विकत आणण्यालाही माझा विरोध नाही. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर चितार ओळ आहे, जिथे गणपतीपासून दुर्गेपर्यंतच्या मूर्ती घडतात. मूर्ती आम्ही तिथूनच आणतो आणि मातीची आहे ना, हे विचारून आणतो, कारण प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाचा, लाकडी बैल माझ्या मुलांनी बाजारातून आणला, पण त्याची शिंगे आणि झूल दर वर्षी घरीच नव्याने रंगली, आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरताना कोणाच्या बैलाचा रंग ओला आहे यावरून भांडणेही झाली. त्याच दिवशी मारबती, म्हणजे पीडेचे मोठे पुतळे, निघतात. शहराची पीडा जाळायला न्यायची त्या मारबतीसुद्धा या शहरातले लोक आपल्या हातांनीच घडवतात. हाताने केलेले म्हणजे घरच्याच हाताने केलेले असा माझा आग्रह मुळीच नाही. ज्याने वस्तू केली त्याला ती दुरुस्तही करता यावी, एवढीच माझी अट आहे. थर्मोकोलच्या मखरावर महाराष्ट्रात मार्च 2018 मध्ये बंदी आली तेव्हा अनेकांना आता मखर कसे करायचे असा प्रश्न पडला. आमच्याकडे मात्र कपाटाच्या वर पडून असलेली लाकडी चौकट पुसून खाली घेतली गेली. तिचा एक पाय हलत होता. गल्लीच्या टोकाच्या सुताराने पाचर मारून दिली आणि पैसेही घेतले नाहीत.

पुतण्याच्या खोक्याचे काय झाले, हे सांगायचे राहिले. चिकट हूक चुन्याच्या भिंतीवर पाच मिनिटेही टिकले नाहीत; भुकटीसकट खाली आले. दिव्यांच्या पट्ट्या मी बाहेरच्या फाटकावर लावू दिल्या, कारण आतली वायरिंग जुनी आहे आणि फाटकाला त्या खरोखर शोभतात. चिकटवायची रांगोळी फरशीवर लावली नाही. त्याऐवजी सासूबाईंचा ठिपक्यांचा कागद काढला. जुन्या वर्तमानपत्राची चौपदरी घडी आणि त्यावर जळत्या उदबत्तीने पाडलेली भोके. कडा काळपट करपलेल्या, मधल्या ओळीत एक भोक चुकून जरा बाजूला. त्यामुळे आमच्या दारातली रांगोळी वर्षानुवर्षे डावीकडे किंचित कललेली असते. पुतण्याने ते पहिल्याच दिवशी ओळखले, कारण तो इंजिनिअर आहे. नवा कागद करू म्हणाला. मी म्हटले, कर, पण हा फेकू नकोस.

कंदिलाच्या बाबतीत तो आपण होऊन पुढे आला. बांबूच्या कामट्या तासताना बोट कापून घेतले, पहिला सांगाडा वाकडा झाला म्हणून मोडला, दुसऱ्याला चौकोनाचे कर्ण आधी बांधायचे हे त्याचे त्यालाच सापडले. मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचे, नाहीतर झुरळे कागद खातात, एवढेच मी सांगितले, आणि ते विष असल्यामुळे हात धुतल्याशिवाय चकलीला हात लावायचा नाही, हेही. पतंगी कागद शुभ्र आणि जांभळा असा त्याने निवडला, जो मी कधी निवडला नसता.

उद्या चुना गाळायचा आहे. जुनी धोतरे आता कोणाच्या घरी उरलेली नाहीत, म्हणून पुतण्याच्याच एका फाटक्या कुडत्याची गाळणी केली आहे. मागच्या भिंतीला तीन हात लागतील, पुढच्या दोन भिंतींना दोन पुरतील. ईशान्येच्या कोपऱ्यात ओल यंदा वीतभर वर चढलेली दिसते आहे. तिथे रंग देण्याआधी गिलावा खरवडून पाहावा लागेल.