सोलापूरच्या ताम्हणाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'राज्यफूल म्हणून उगाच कौतुक. आमच्याकडे पाच वर्षांत ना सावली, ना फूल, वर पानं पिवळी,' असं तुम्ही लिहिलंत. आधी झाड ताम्हणच आहे ना, ते बघा. पूर्ण वाढलेलं पान मोजा. ताम्हणाचं चार ते आठ इंच भरतं. बोटभर पानं आणि बुडापासूनच फुटवे असतील, तर नर्सरीने त्याचं चिनी झुडूपवर्गीय भावंड दिलंय. ते सावली देणार नाही.

पान मोठं असेल तर दोष पाण्याचा. ताम्हण हे कोकणातलं, ओढ्याकाठचं झाड. सोलापुरात ते जगतं, पण मार्च ते मे ओल तुटली की नवी फूट खुरटते. आणि फुलांचे तुरे येतात ते त्याच नव्या फुटीच्या शेंड्यावर! खोडाशी एकच ड्रिपर सोडून भागत नाही. अन्न-पाणी घेणारी मुळं फांद्यांच्या घेराच्या कडेला असतात. आळं तिथवर रुंद करा, आठ-दहा दिवसांनी शंभरेक लिटर पाणी द्या, वर चार इंच पालापाचोळा पसरा, खोडापासून वीतभर दूर.

छाटणी कधी करता, ते लिहिलं नाहीत. पानगळीत, डिसेंबर-जानेवारीत केली तर चालते. पालवी फुटल्यावर शेंडे खुडले की त्या वर्षीची फुलं गेलीच. सावलीसाठी एकच खोड ठेवा, खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या काढा, पण वरचा दोन तृतीयांश भाग पानांचा राहू द्या. झाड निम्मा दिवस भिंतीच्या सावलीत असेल तर फुलांसाठी खत ओतून उपयोग नाही. युरियाने पानंच माजतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), चिमूटभर लिंबूसत्व; संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. जुनी पानं हिवाळ्यात तांबूस होऊन गळतात, तो रोग नव्हे.

फवारणी हा तात्पुरता इलाज आहे. शेणखत आणि पाला दरवर्षी लागेलच. विहीर एप्रिलमध्येच आटत असेल, तर दुसरं ताम्हण लावू नका, सरळ कडुनिंब लावा.