दादोंना दोषी ठरवण्यापूर्वी

आज सकाळी एका परिचिताने इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर केलेल्या हल्ल्याने सुरू झालेल्या १९७३ च्या योम किप्पूर युद्धावर लिहिताना इस्रायलचे तेव्हाचे सेनाप्रमुख डेव्हिड एलाझार ऊर्फ ‘दादो’ यांना ‘देशाला झोपेत ठेवणारा सेनापती’ म्हटले आणि आपल्याच मित्रांनी त्याखाली होकार भरला. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

६ ऑक्टोबरच्या पहाटे, युद्ध आजच होणार अशी खबर आली, तेव्हा ‘दादों’नी संपूर्ण राखीव सैन्य बोलावण्याची आणि सीरियावर आधी हवाई हल्ला करण्याची परवानगी मागितली. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी दोन्हींना विरोध केला. पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी सैन्य बोलावू दिले, पण तोवर सकाळचे नऊ वाजून गेले होते. हल्ला मात्र नाकारला. दुपारी दोन वाजता इजिप्त आणि सीरिया या दोन्ही सीमांवर तोफा सुरू झाल्या.

माझे वडील एका लहान धरणावर शाखा अभियंता होते. श्रावणातल्या एका रात्री पाणी झपाट्याने चढू लागले, तेव्हा त्यांनी दरवाजे उचलण्याची परवानगी तीनदा मागितली. ती पहाटे मिळाली आणि खालची वाडी पाण्याखाली गेली. निलंबित झाले ते वडील. परवानगी अडवून धरणाऱ्या साहेबांना पुढे बढती मिळाली.

युद्धातील चुकांची चौकशी करणाऱ्या इस्रायलच्या अग्रानात आयोगाने एप्रिल १९७४ मध्ये नेमके हेच केले. एलाझार यांना पदावरून दूर करा, असे सांगितले आणि दायान यांना मोकळे सोडले. मंत्र्याला एक माप आणि सेनापतीला दुसरे, हा कुठला न्याय? आदल्या दिवशीच, शुक्रवारी, राखीव सैन्यासाठी एलाझार यांनी हट्ट धरायला हवा होता आणि ‘युद्धाची शक्यता कमी’ या गुप्तचरप्रमुख एली झेइरा यांच्या अंदाजावर विसंबायला नको होते, हे मान्य. पण तो अंदाज दायान यांनीही स्वीकारला होता!

साराएवोत जन्मलेला दादो हा मुलगा १९४० मध्ये पॅलेस्टाइनला आला, १९४८ मध्ये जेरुसलेमच्या सान सिमोन मठात लढला आणि १९६७ मध्ये उत्तर विभागाचा प्रमुख म्हणून त्याने सीरियाकडून गोलानचे पठार जिंकले. १९७३ मध्येही, ८ ऑक्टोबरचा इजिप्तविरुद्धचा सिनाईतला प्रतिहल्ला फसल्यावर आणि दायान यांचा धीर सुटत चालला असताना, दादोंनी सैन्य सावरले. आठवड्याभरात इस्रायली तुकड्या सुएझ कालवा ओलांडून गेल्या आणि शेवटी कैरोपासून १०१ किलोमीटरवर थांबल्या. अडीच हजारांहून अधिक इस्रायली सैनिक मात्र परत आले नाहीत, आणि ते ओझे त्यांनी स्वतःवरचे मानले असणार, असे मला वडिलांकडे पाहून वाटते.

वडील दोन वर्षांनी पुन्हा कामावर रुजू झाले, तरी पाऊस वाढला की रात्री उठून घड्याळ पाहत बसत. त्या तीन निरोपांची नोंद असलेल्या वहीच्या पानाची नक्कल त्यांच्या ट्रंकेत अजून आहे. दादोंना तर एवढेही मिळाले नाही. १५ एप्रिल १९७६ रोजी पोहताना हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले, तेव्हा ते अवघे पन्नास वर्षांचे होते.

त्या परिचिताशी माझे वैर नाही. त्यांनी ते एक वाक्य तेवढे बदलावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.