साडेतीन हजार माणसं

आज एका चॅनेलवरच्या चर्चेत पुन्हा तेच. अमेरिकेतली टी पार्टी, म्हणजे २००९ पासून रिपब्लिकन पक्षात उसळलेली सरकारी खर्च आणि करांविरुद्धची कडवी चळवळ, ती म्हणे ‘उत्स्फूर्त जनक्षोभाची लाट’. आली, गाजली, ओसरली. डोकंच फिरलं. अरे, प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, अशी जिंकतात का? तिथे याद्या लागतात, तारखा पाठ लागतात आणि संध्याकाळी पक्षाच्या बैठकीला शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या खुर्चीत अवघडून बसायची तयारी लागते.

८ मे २०१०, युटा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. बॉब बेनेट, तीन वेळा निवडून आलेले रिपब्लिकन सिनेटर. वडीलही युटाचेच सिनेटर. उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या राज्य अधिवेशनात त्यांच्या बाजूने बोलायला खुद्द मिट रॉम्नी, पक्षाचे देशभर गाजलेले नेते, उभे. आणि हा माणूस दुसऱ्या फेरीत तिसरा आला. संपलं. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नावसुद्धा नाही! राज्याची लोकसंख्या सत्तावीस लाख, निकाल लावला सुमारे साडेतीन हजार प्रतिनिधींनी.

हे प्रतिनिधी आकाशातून पडले नव्हते. मार्चमध्ये वस्तीवस्तीत कॉकस म्हणजे पक्षाच्या बैठका होतात. जमलेले लोकच आपल्यातून प्रतिनिधी निवडतात. जिथे एरवी मोजकी डोकी येतात तिथे पाचसहा शेजारी घेऊन वेळेवर पोचलात की प्रतिनिधी तुमचा. उशिरा पोचलात तर मतदान उरकलेलं असतं, मग घरी जाऊन हवी तेवढी पोस्ट लिहा. बेनेट यांचा गुन्हा काय, तर २००८ मध्ये बँका वाचवायच्या ७०० अब्ज डॉलरच्या कायद्याला दिलेलं मत. राग मतदारांना होता हे खरंच, पण तो मे महिन्यात बाहेर पडला तरी कामाला लागला होता मार्चमध्येच.

आणि अधिवेशनाचे तेव्हाचे नियम बघा. पहिल्या फेरीनंतर तिघं उरायचे, दुसरीनंतर दोघं. शेवटच्या फेरीत ६० टक्के मिळाले तर थेट उमेदवारी, नाहीतर दोघेही प्रायमरीला. बेनेट बाद झाल्यावर उरलेल्या दोघांपैकी टिम ब्रिजवॉटर ५७ टक्क्यांवर अडकले. त्या तीन टक्क्यांमुळे दुसरे, माइक ली, यांना जूनची प्रायमरी मिळाली, ती ते जिंकले आणि सिनेटर झाले. ही लाट?

हो, क्लब फॉर ग्रोथ आणि फ्रीडमवर्क्स या कमी कर, कमी सरकारी खर्च मागणाऱ्या संघटनांचा पैसा मागे होता. मान्य. पण पैशानेच सगळं होत असतं तर २०१४ मध्ये व्हर्जिनियात एरिक कँटर प्रायमरीत पडले नसते. अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातले बहुमतवाल्या पक्षाचे नेते, खर्च पन्नास लाख डॉलरच्या वर, समोर दोन लाखांच्या आसपासवाले प्राध्यापक डेव्ह ब्रॅट.

मतदार यादीत कोण कुठल्या प्रायमरीला आलं होतं याची नोंद असते. मत कोणाला दिलं ते नसतं, आला की नाही एवढंच. ती यादी घ्यायची आणि मागच्या दोनतीन प्रायमरींना आलेल्यांचीच दारं ठोठावायची. सभेत घसा फोडून ओरडणारा पण प्रायमरीला कधीच न येणारा माणूस म्हणजे फुकट गेलेली संध्याकाळ. काही राज्यांत प्रायमरीत मत द्यायला मतदार म्हणून त्या पक्षाच्या नावाने नोंदणी लागते, आणि त्या पक्षनोंदणीची मुदत तर सगळ्यात घातक. केंटकीत पक्ष बदलायची मुदत आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला संपते, प्रायमरी असते मे महिन्यात. मेमध्ये चिडून काय उपयोग, डिसेंबरमध्ये चिडायला हवं होतं.

मतं फुटली की मात्र सगळं मुसळ केरात. इंडियानात २०१० ला कडव्या विचारांचे दोन दावेदार एकमेकांची मतं खात बसले आणि पक्षाच्या जुन्या फळीतले डॅन कोट्स ३९ टक्क्यांवर जिंकून गेले. तिथल्या गटांनी हे लक्षात ठेवलं. २०१२ ला आधीच एका नावावर, रिचर्ड मरडॉक यांच्यावर, एकमत केलं आणि १९७७ पासून सिनेटमध्ये असलेले रिचर्ड लूगर प्रायमरीतच घरी गेले. मिसिसिपीत २०१४ ला टी पार्टीचे क्रिस मॅकडॅनियल पहिल्या फेरीत ४९.५ टक्क्यांवर होते. तिसऱ्याच एका उमेदवाराने दीड टक्का नेला, ५० चा आकडा हुकला, तीन आठवड्यांनी फेरनिवडणूक झाली आणि विद्यमान सिनेटर थॅड कॉक्रन वाचले.

नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत, डेमोक्रॅट्ससमोर, यातले बरेच आपटले, हेही लिहून टाकतो, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी येईलच. मरडॉक हरले. डेलावेअरमध्ये जेमतेम सत्तावन्न हजार मतांच्या प्रायमरीत टी पार्टीच्या क्रिस्टिन ओडॉनेल मवाळ माइक कॅसल यांना हरवून आल्या आणि नंतर सपाटून पडल्या. पण बाकीचे आमदार-खासदार त्या निकालांमुळेच पुढची कित्येक वर्षं प्रत्येक मत देताना मागे वळून बघायला लागले. हे त्या चर्चेत कोणी बोललं का? नाही. तिथे फक्त टोप्या, झेंडे आणि १५ एप्रिल २००९ च्या मोर्च्यांची दृश्यं.

आपल्याला त्यांचे विचार पटत नाहीत, हे इथे कोणाला सांगायची गरज नाही. मला स्वतःला बेनेट यांचं वाईटच वाटतं. विरोधी पक्षाच्या रॉन वायडन यांच्याबरोबर बसून आरोग्य विम्याचं विधेयक लिहिणारा माणूस होता तो, आणि नेमकं तेही त्यांच्या विरोधात गेलं. पण वाईट वाटून बैठकीतली खुर्ची भरत नाही हो.

युटाने २०१४ मध्ये कायदा बदलला. आता सिनेटसाठी २८ हजार मतदारांच्या सह्या आणल्या तर अधिवेशनात हरूनही प्रायमरी लढवता येते. २०१८ ला सिनेटसाठी कोण उभं राहिलं? मिट रॉम्नी. अधिवेशनात तेही दुसरे आले. पण त्यांनी सह्या आधीच गोळा करून ठेवल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी ते बेनेटच्या शेजारीच उभे होते ना.