रोबो हलत नसेल तर आधी सगळं अपडेट करा

रोबो हलत नसेल तर पहिलं पथ्य म्हणजे रोबोकडे बघायचं नाही. चाकं ठीक असतात, बॅटरी भरलेली असते, बिचारा काल संध्याकाळपर्यंत हॉलभर फिरत होता. बिघाड लॅपटॉपमध्ये असतो, आणि काल रात्री ‘झोपायच्या आधी एवढं एक पॅकेज टाकून ठेवू’ म्हणत तो तुम्हीच घातलेला असतो. हे कुणापाशी कबूल करू नका. विचारलंच तर दुखावलेल्या चेहऱ्यानं म्हणा, “मी तर कशाला हातच लावला नाही.”

दुसरं, एरर वाचायची नाही. फक्त शेवटची ओळ कॉपी करायची. कोलकॉननं (रोबोचा कोड बांधून चालण्याजोगा करणारं साधन) बिल्ड करताना मूळ दुखणं बहुधा बरंच वर असतं. तळाशी येतो तो ‘अमुक पॅकेज फेल’ असा मृत्यूचा दाखला. त्या दाखल्यावरून औषध शोधा. सापडेल ती पहिली सुडोवाली, म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकारानं चालणारी, कमांड चिकटवा, नाही चालली तर दुसरी. आणि कोणती कमांड कधी चिकटवली याची नोंद ठेवू नका, नाहीतर उद्या परत येण्याचा रस्ता सापडेल.

खरं तर पाया आधीच कच्चा घातलेला बरा. रॉस निवडतानाच. (पूर्ण नाव रोबोट ऑपरेटिंग सिस्टीम. नावात ऑपरेटिंग सिस्टीम असली तरी ती तशी नाही. रोबोचा कॅमेरा, चाकं, नकाशा सांभाळणारे निरनिराळे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलावेत म्हणून केलेली ती सोय आहे.) तिची प्रत्येक आवृत्ती लॅपटॉपवरच्या ठराविक उबंटूशी (ही मात्र खरीच ऑपरेटिंग सिस्टीम) लग्न लावूनच घराबाहेर पडते: नोएटिक २०.०४ शी, हंबल २२.०४ शी, जॅझी २४.०४ शी. प्रत्येकीच्या चित्रात एक कासव असतं, त्यावरून काय समजायचं ते समजा. तुम्ही उबंटू सगळ्यात नवं घ्या आणि धडे मात्र नोएटिकचे गिरवा, जिची मुदत मे २०२५ मध्येच संपली. उबंटूवर पॅकेजं आणून देणारी ॲप्ट म्हणेल, असं पॅकेजच नाही. मग सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करा. डिसेंबरात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायला बरं वाटतं.

जुन्या २०.०४ वर असाल तर नोएटिक आणि रॉसचीच दुसरी आवृत्ती फॉक्सी शेजारी शेजारी सुखानं नांदतात. हे सुख बघवत नसेल तर दोघींना चालू करणाऱ्या ओळी बॅशआरसीत (टर्मिनल उघडताच आपोआप चालणारी फाइल) एकाखाली एक टाका. दर वेळी टर्मिनल उघडलं की ‘दोन आवृत्त्यांचे रस्ते मिसळू नका’ अशी सूचना येईल. पंधरवड्यात ती दिसेनाशी होते. स्क्रीनवर असते, तुम्हाला दिसत नाही एवढंच.

आता मुख्य भाग. पायथनची पॅकेजं आणायला घरात दोघी असतात, ॲप्ट आणि पिप. एकाच स्वयंपाकघरात दोन जावा. (भाषा नव्हे, नात्यातल्या.) थोरली ॲप्ट सगळं मोजूनमापून, एकमेकांना चालेल असंच आणते, म्हणून तिचं सामान जरा शिळं वाटतं. धाकटी पिप बाजारातलं ताजं आणते आणि थोरलीला न सांगता तुमच्या होम फोल्डरमध्ये लोकल नावाच्या लपलेल्या कप्प्यात ठेवते. पायथन आधी धाकटीचाच डबा उघडतो. थोरलीला पत्ताच नसतो. तिला विचारलं तर सांगेल, सगळं जागच्या जागी आहे.

अलीकडे २४.०४ वर पिप नकार द्यायला लागली आहे, ‘हे घर थोरलीच्या ताब्यात आहे’ म्हणून. तरी हट्ट असेल तर ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस नावाचा पर्याय जोडायचा. म्हणजे काय मोडणार ते नावातच आहे. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांची सही घेतात ना, तसं. सही करा. सही करणाऱ्यांनी कागद कधी वाचलाय?

गेल्या वर्षी रात्री दीड वाजता भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, चौघांचा प्रोजेक्ट: झाडाखाली पडलेली लिंबं वेचणारा रोबो. सकाळी दहाला बाहेरचे परीक्षक येणार.

“मामा, कॅमेरा चालू आहे, पण लिंबू दिसत नाहीये.”

“काही नवीन टाकलंस का?”

“मी तर कशाला हातच लावला नाही.” (आमच्या घराण्यात मुलं तयार होतात.)

हातभर खोदल्यावर निघालं की लिंबू जास्त चांगलं ओळखू यावं म्हणून त्यानं पिपनं एक नवं मॉडेल आणलं होतं, आणि त्याच्या वऱ्हाडात नमपाय २ (पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज) आलं होतं. हंबलवर कॅमेऱ्याचं चित्र ओपनसीव्हीकडे (चित्रांवर काम करणारं पॅकेज) पोचवणारा सीव्ही ब्रिज बांधलेला असतो उबंटूच्या नमपाय १.२१ वर. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा आतली मांडणी बदलली, आणि जुन्यावर कंपाइल झालेल्यांना नव्याशी बोलता येईना. थोडक्यात, पूल तोच, पण नदी सरकली.

हे मी आज सांगतोय. त्या रात्री मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो, “सगळं अपडेट कर.” त्यानं केलं. मग अडीच वाजता ओपनसीव्ही काढलं, परत घातलं. तीनला कोंडा (पॅकेजं आणणारी तिसरी, स्वतःचा पायथन घेऊन येणारी) टाकून बघ म्हटलं. तिचा पायथन वेगळ्या आवृत्तीचा, त्यामुळे आतापर्यंत धड असलेलं रॉससुद्धा ‘माझं मॉड्यूल सापडत नाही’ म्हणून बसलं. साडेतीनला डॉकर, म्हणजे सगळं सामान एका बंद डब्यात (कंटेनरमध्ये) वेगळं चालवायची सोय. कंटेनर सुरेख उभा राहिला, फक्त त्याच्या आतून कॅमेरा दिसेना, कारण कॅमेरा आत द्यावा लागतो हे दोघांपैकी कुणालाच आठवलं नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

चार वाजता ग्रुपमधली एक मुलगी जागी झाली. तिनं पहिली एरर मागितली. आम्ही ती केव्हाच पुसली होती, सुदैवानं चौघांच्या ग्रुपवर फोटो होता. ती म्हणाली, “काका, यातच लिहिलंय की. नमपाय दोनच्या खाली आणा.” खरंच लिहिलं होतं. सरळ इंग्रजीत, सगळ्यात सोपा उपाय म्हणून. मुलगी हुशार आहे, पण सल्ला देऊन नाव कमवायचं तर हिचं कसं व्हायचं, याची मला काळजी वाटते.

जाता जाता: पॅकेज.एक्सएमएल नावाच्या फाइलमध्ये आपल्याला काय काय लागतं ते लिहायचं असतं. ते वाचून रॉसडेप दुसऱ्याच्या मशीनवर सगळं आणून देतं. तिथे काही लिहू नका. तुमच्या मशीनवर चालतंय ना? पुढच्या वर्षीच्या पोरांनाही काही प्रोजेक्ट हवा.

पाच वाजता भाच्याचा रोबो सुरू झाला. लिंबू दिसलं, रोबो वळला, थांबला. ताईनं रात्रभराचा आरडाओरडा ऐकला होता. ती आंघोळ करून आली आणि दृष्ट नको म्हणून रोबोच्या पुढच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधून गेली. चांगलं पिवळंजर्द लिंबू होतं. ते कॅमेऱ्याच्या बरोबर समोर लोंबत होतं, हे दहा वाजेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

परीक्षकांसमोर रोबोनं पहिल्याच फटक्यात लिंबू ओळखलं आणि त्याच्या दिशेनं निघाला. लिंबूही निघालं. लॅबच्या दारातून दोघं व्हरांड्यात गेले.

परीक्षकांनी विचारलं, “हा थांबतो कधी?”

भाचा म्हणाला, “सर, लिंबू मिळाल्यावर.”