टेक पंधरावा

नारायण पेठेत दहा बाय बाराच्या खोलीत माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, आधी तिथे आजोबांची खाट होती. खोलीचं काम काढलं तेव्हा "भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटव, आवाज आत येत नाही" असं सांगणारे सतरा जण भेटले. त्याने काही होत नाही हो. ट्रे काय नि फोम काय, खोलीतला घुमाराच कमी करणार, बाहेरचा आवाज अडवायला भिंतच जड लागते. म्हणून मी डबल जिप्सम, आत रॉकवूल, दाराला रबर असं सगळं केलं, कर्ज काढलं, आणि मग जुलै आला.

जुलैत नदीकाठी ढोलपथकांची प्रॅक्टिस असते. ढोलाचा तो खालचा 'धूम' भिंतीबिंती काही मानत नाही, जमिनीतून येतो आणि माईकच्या स्टँडवरून वर चढतो. आणि नेमका त्याच महिन्यात सगळ्यांना गणपतीच्या आरत्या रेकॉर्ड करायच्या असतात.

यंदा आमच्या ओळखीचं एक महिला भजनी मंडळ आलं. सहा काकू. सकाळी डबे, दुपारी डुलकी, म्हणजे वेळ उरली संध्याकाळी सहाची, ढोलांचीही तीच. एसी बंद, कारण कंडेन्सर माईकला एसीच काय, एखाद्याच्या पोटातली गुरगुरसुद्धा ऐकू जाते. पाच मिनिटांत सगळ्यांचे पदर पंख्यासारखे हलायला लागले आणि हेडफोनमध्ये किणकिण, किणकिण. मी म्हणलं, काकू, बांगड्या जरा काढून ठेवता का?

शांतता. वर्षभर मी जिच्यासाठी हप्ते भरतोय तीच शांतता, पण तेव्हा रेकॉर्डचं बटण दाबलेलं नव्हतं.

"बाप्पाच्या आरतीला बांगड्या काढू होय रे?" शेवटी प्रत्येकीच्या मनगटाला एकेक रुमाल बांधला, सहा काकू अपघातातून वाचल्यासारख्या माईकसमोर उभ्या. मुख्य काकूंचा हेडफोन गजऱ्यावरून घसरत होता. ट्रॅक मी त्यांनीच सांगितलेल्या काळी चार या पट्टीत केलेला, त्यांनी उचललं त्याहून वरच्या काळी पाचमधून, आणि वर "ती तुझी हेडफोनमधली तालाची टिकटिक बंद कर बाबा, आम्ही टाळांवर गातो". टाळ म्हणजे तर काय, पहिल्याच ठोक्याला आवाजाचं मीटर लाल.

चार संध्याकाळी गेल्या, चौदा टेक झाले. एकात कुकरची शिट्टी, एकात "अगं लय पुढे गेली" अशी कुजबुज, आणि चौदाच्या चौदात मागे धूम, धूम. ईक्यूने, म्हणजे आवाजातला खर्ज-तीव्र भाग कमीजास्त करायच्या सोयीने, खालचा भाग कापावा तर तबल्याचा डग्गाही जातो आणि तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजायला लागतो.

रविवारी रात्री साडेदहाला, प्रॅक्टिस संपल्यावर, पंधरावा टेक झाला. स्वच्छ. काकू चक्क सुरात. मी रात्री दोनपर्यंत मिक्स केलं, फाईल पाठवली आणि गाढ झोपलो.

सकाळी साडेसातला फोन. "छान झालंय हो बाळा, सगळ्यांना आवडलं. फक्त जरा सुनंसुनं वाटतंय. मागे थोडे ढोल टाकता येतील का रे?"

चौदाही टेक मी झोपायच्या आधी रिसायकल बिनमधूनसुद्धा उडवले होते.