चमचाभर ब्रँडीचा हिशेब

परळच्या आमच्या चाळीच्या ग्रुपवर पाऊस लागला की एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला: 'सर्दी झालेल्या बाळाला चमचाभर ब्रँडी पाजा, ऊब येते. आपल्या आज्यांनी हेच केलं, कुणाचं काही बिघडलं नाही. फ्रान्समध्ये तर शाळकरी पोरं वाईन पितात. मेंदूबिंदू सगळा डॉक्टरांचा बागुलबुवा.' खाली अंगठ्यांची रांग.

आधी चमचा. आमच्याही घरी डाळीच्या डब्यांमागे ब्रँडीची चपटी असायची, त्यामुळे कुणाच्या आजीला मी नावं ठेवत नाही. पण हिशेब तर करू. चमचा 5 मिलीलीटरचा, ब्रँडी 42.8 टक्क्यांची, म्हणजे पोटात गेलं साधारण 1.7 ग्रॅम अल्कोहोल. सहा किलोच्या बाळात ते भिनलं की 100 मिलीलीटर रक्तामागे ढोबळमानाने 40 मिलीग्रॅम होतं. गाडी चालवणाऱ्याला कायद्याने मुभा 30 ची. नाकाबंदीत बाळाने नळीत फुंकलं असतं तर हवालदाराने त्यालाच बाजूला घेतलं असतं! त्यात तान्ह्याचं यकृत कच्चं, दारू लवकर निपटत नाही. शिवाय दारूमुळे यकृतात साखर तयार होणं मंदावतं आणि तान्ह्याकडे साठा तो किती? मेंदू चालतो त्याच साखरेवर.

ऊब म्हणाल तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गाल हाताला गरम लागतो आणि आतली उष्णता बाहेर जाते. जुलैच्या मुंबईत थंडी कसली, हे वेगळंच.

'कुणाचं काही बिघडलं नाही' हे कळलं कसं? एका चमच्याने कुणाचं किती गेलं, ते मोजता येत नाही. मी तसा दावाही करत नाही. पण घडत्या मेंदूला दारू काय करते, ते गर्भावरून चांगलंच कळलंय. आईच्या रक्तातली दारू वारेतून सरळ बाळाकडे जाते. 1968 मध्ये फ्रान्समधल्या नांतचे डॉक्टर लमॉइन यांनी दारू पिणाऱ्या आईबापांच्या 127 मुलांची नोंद छापली. 1973 मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी या आजाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असं नाव दिलं. पण गर्भात दारूचा फटका बसलेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर त्याची काहीच खूण दिसत नाही. लक्ष न टिकणं, गणित न जमणं, रागावर ताबा नसणं, हे पुढे शाळेत दिसतं, आणि तिथे पोरगं 'मठ्ठ' ठरतं.

आता फ्रान्स. तिथे शाळेच्या जेवणात 14 वर्षांखालच्या मुलांना दारू देणं 1956 मध्येच बंद झालं. मोठ्या मुलांच्या शाळांतूनही ती 1981 मध्ये गेली. मेसेज कुठल्या सालचा आहे, बघा.

आणि 'घरी चाखवली की पोरगं बाहेर पीत नाही' म्हणणाऱ्या काकांसाठी: अमेरिकेतल्या 1992 च्या मोठ्या पाहणीत पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांत पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण, विशीनंतर सुरुवात केलेल्यांच्या सुमारे चौपट निघालं. यात घरचं वातावरण, स्वभाव हेही आलंच. पण आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो.

तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलंय, मग सर्दीला काय? नाकात सलाइनचे थेंब आणि अंगावरचं दूध. श्वास भराभर चालला किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर मुलांचं वाडिया हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे.