आधी बघू, मग घालू… अजूनही?

डेटाबेसमध्ये ओळ आहे का ते बघायला आधी सिलेक्ट मारायचा, नसेल तर इन्सर्ट करून घालायची. अजून किती वर्षं हेच लिहिणार? डिसेंबरात कळंगुटच्या गेस्टहाऊसची एकच खोली, एकच तारीख, दोन काउंटरवरून एकाच क्षणी बुकिंग. दोन्ही सिलेक्टना शून्य ओळी दिसतात, दोन्ही इन्सर्ट होतात, आणि रात्री अकराला दोन कुटुंबं बॅगा घेऊन एकाच दारात उभी! दोन्ही पायऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाल्या तर एकत्र नाहीतर नाहीच अशा गटात, गुंडाळून सुटका होत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डीफॉल्ट रीड कमिटेड पातळीवर दुसऱ्याची कमिट (म्हणजे पक्की) न झालेली ओळ दिसतच नाही. इन्सर्टलाच व्हेअर नॉट एग्झिस्ट्स, म्हणजे 'ओळ नसेल तरच' ही अट, जोडली तरी तेच.

अहो, खोली आणि तारीख या दोन कॉलमांवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावा, म्हणजे तीच जोडी दोनदा घालता येणार नाही असा नियम. दोन्ही नॉट नल ठेवा, म्हणजे रिकामे सोडता येणार नाहीत, कारण नल नलशी जुळत नाही आणि दुहेरी ओळी खुशाल आत शिरतात. मग इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग जोडा, म्हणजे जोडी आधीच असेल तर एरर न देता ओळ सोडून दिली जाते. पोस्टग्रेस ९.५ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे हे! आणि किती ओळी पडल्या ते तपासा. शून्य आल्या तर खोली गेली, पाहुण्याला तिथल्या तिथे सांगा. घातलेल्या ओळीचा आयडी परत मागायला रिटर्निंग आयडी लावलात तरी अशा वेळी हाती काहीच येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ऊठसूट इन्सर्ट इग्नोर लावणं तर बंदच करा. तो डुप्लिकेटबरोबर बाकीच्या चुकाही गिळतो. लांब नाव मधेच कापून घालतो आणि नुसती वॉर्निंग देतो.

एकाच गावाची 'फोंडा' आणि 'पोंडा' अशी दोन स्पेलिंगं मात्र कुठलाच युनिक कन्स्ट्रेंट अडवणार नाही. तिथे तालुक्याचा कोडच ठेवा.